निराश व्हायला शिकावं लागत नाही

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, जगावरचं आरोपपत्रच ते. चालू असलेली युद्धं, तापत चाललेली पृथ्वी, माणसांच्या हातातली कामं काढून घेणारी यंत्रं, खोटं रेटून बोलणाऱ्यांची चलती. आणि शेवटी, जरा रागानेच विचारलेला प्रश्न: ‘एवढं सगळं समोर दिसत असताना आशावादी राहायचं म्हणजे एक तर डोळेझाक करायची, नाही तर ढोंग. तुम्ही यातलं नेमकं काय करता?’

प्रश्न चोख आहे. उत्तर मात्र लांबणार आहे, सवडीने वाच.

तुझ्या यादीतलं एकही कलम मी खोडणार नाही. माझ्या वयाची माणसं अशा वेळी ‘आमच्या काळीही असंच वाटायचं, मग झालं सगळं सुरळीत’ असं म्हणून तरुणांची बोळवण करतात. मला ते पटत नाही. एक तर सगळ्यांचं सुरळीत झालेलं नाही. ज्यांचं झालं नाही, त्यांतले बरेच आज ते सांगायला उरलेले नाहीत. आणि काही संकटं खरोखरच नवी आहेत. औद्योगिक काळापूर्वीच्या सरासरीपेक्षा दीड अंशाहून जास्त तापलेलं पहिलं वर्ष म्हणून 2024 ची नोंद झाली. असं वर्ष मी तुझ्या वयाचा असताना पाहिलेलं नव्हतं. तेव्हा जुन्या अनुभवाचा दाखला देऊन तुला गप्प करण्याचा मला अधिकार नाही.

पण तुझ्या पत्रात तू एक गोष्ट न बोलता गृहीत धरली आहेस. निराश माणसाला जग आहे तसं दिसतं आणि आशावादी माणसाला रंगवलेलं दिसतं, अशी तुझी समजूत आहे. ती मात्र तपासून बघू.

‘आता काही होणार नाही’ हे आजच्या जगाचं वर्णन नव्हे, ते उद्याचं भाकीत आहे. आणि भाकीत म्हटलं की त्याला पुरावा मागायलाच हवा, मग ते गोड असो की कडू. फिलिप टेटलॉक या मानसशास्त्रज्ञाने सुमारे वीस वर्षं 284 तज्ज्ञांकडून राजकारण आणि अर्थकारणाबद्दलची हजारो भाकितं घेऊन ठेवली आणि पुढे प्रत्यक्षात काय घडलं ते ताडून पाहिलं. 2005 मध्ये त्याने निष्कर्ष मांडले. लांबच्या काळाबद्दल बोलताना यांतले बहुतेक जण अंदाजपंचे ठोकून देणाऱ्यापेक्षा फारसे सरस ठरले नव्हते. खरी गंमत पुढेच आहे. ज्यांच्यापाशी प्रत्येक प्रश्नाला लावायला एकच मोठं सूत्र होतं, ते जास्त चुकले. आणि ज्यांना माध्यमांत सारखं बोलावणं असायचं, ते तर आणखी चुकले. ‘सगळं चांगलंच होणार आहे’ हे असंच एक सूत्र आहे. ‘सगळं संपलंय’ हेही. दुसरं म्हणणारा माणूस जास्त गंभीर, जास्त विचारी दिसतो एवढाच फरक. उदास चेहऱ्याला आपण उगाचच शहाणपणाचं श्रेय देतो.

मग जग आहे तसं बघायचं तर कसं? मी दोन आकडे देतो, ते शेजारी शेजारी ठेवून बघ. 1990 साली जगात पाच वर्षांखालची सुमारे सव्वा कोटी मुलं दगावली. 2022 साली हा आकडा 49 लाखांवर आला. पहिल्या आकड्याच्या शेजारी ठेवला की दुसरा आकडा माणसाने केलेल्या सगळ्यात मोठ्या कामांपैकी एक वाटतो. एकटा ठेवला की अंगावर येतो. दिवसाला तेरा हजारांहून जास्त मुलं, आणि त्यांतली पुष्कळशी आपल्याला उपचार माहीत असलेल्या आजारांनी. दोन्ही खरं आहे. आशावादी म्हणवणारे तुला फक्त घट सांगतील, निराशावादी फक्त आजचा आकडा. जो माणूस दोन्ही एकदम डोक्यात ठेवू शकतो, त्याला मी डोळस म्हणेन. आणि हा आकडा आपोआप खाली आलेला नाही, म्हणून तो आपोआप खाली राहणारही नाही. लसी, मच्छरदाण्या, स्वच्छ पाणी यांवरचा खर्च थांबला, तर तो पुन्हा वर चढेल.

या घटीमागच्या एका माणसाबद्दल सांगतो. 1971 च्या युद्धाच्या वेळी पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकी, म्हणजे कॉलरा, पसरली होती. पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस हे बालरोगतज्ज्ञ काम करत होते. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलेलं, रुग्ण जमिनीवर पडलेले. मीठ आणि साखर योग्य प्रमाणात घातलेलं पाणी तोंडावाटे द्यावं, हे शास्त्र तोवर प्रयोगशाळेत आणि रुग्णालयांत सिद्ध झालं होतं. पण अशा गर्दीत, चिखलात, रुग्णांच्या नातेवाइकांच्या हातून ते कोणी करून पाहिलेलं नव्हतं. त्यांनी पिंपांत ते पाणी कालवलं आणि नातेवाइकांना सांगितलं, पाजत राहा. छावणीतलं मृत्यूचं प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आलं. त्या दिवसांत ते मनाने आशावादी होते की नव्हते, मला ठाऊक नाही. सलाइन संपत होतं, ही एक गोष्ट. पाणी, मीठ आणि साखर शिल्लक होती, ही दुसरी. त्यांनी दुसरीला हात घातला.

तू म्हणशील, मला अशा गोष्टी कधी कळतच नाहीत. नाहीच कळणार. वाईट गोष्ट एका दुपारी घडते, तिला तारीख असते, छायाचित्र असतं. चांगली गोष्ट बहुधा वीस वर्षं घडत असते आणि त्यांतल्या कुठल्याच दिवशी बातमी होत नाही. त्यात आपलं मन मुळातच धोक्याकडे आधी वळणारं. 2023 मध्ये एक संशोधन प्रसिद्ध झालं, त्यात एकाच संकेतस्थळाचे एक लाखाहून जास्त मथळे तपासले होते. मथळ्यात एक नकारात्मक शब्द वाढला की लोकांनी त्यावर क्लिक करण्याचं प्रमाण सरासरी 2.3 टक्क्यांनी वाढत होतं. आकडा किरकोळ वाटेल. पण दिवसभर, प्रत्येक मथळ्याला, प्रत्येक संपादकाच्या टेबलावर हाच हिशेब चालू असतो, हे लक्षात घे. यात कोणाचा कट नाही. आपणच बोट लावतो, म्हणून ते तेच वाढतात.

म्हणून माझा पहिला सल्ला, आणि तो तुला आवडणार नाही: बहुतेक विषयांत अडाणी राहा. तुझ्या यादीतला एक विषय निवड आणि त्याची पाळंमुळं खण. त्याचे अहवाल वाच, त्यात काम करणारी माणसं कोण आहेत ते शोध, दहा वर्षांपूर्वी परिस्थिती काय होती ते बघ. बाकीच्या विषयांचं आठवड्यातून एकदा वाचलं तरी पुरे. दर तासाला सगळ्या जगाचं दुःख वरवर चाळणं म्हणजे जागरूक नागरिक असणं, ही समजूत कुठून आली कोण जाणे. त्यातून कोणाही दुःखी माणसाचं भलं होत नाही आणि चाळणारा तेवढा लुळा पडतो.

लुळा पडतो हे मी सहज म्हणून लिहिलं नाही. आता मुद्द्यावरच येतो.

1960 च्या दशकात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर हे दोन तरुण संशोधक कुत्र्यांवर प्रयोग करत होते. प्रयोग क्रूर होते, आज तसे कोणी करू देणार नाही. काही कुत्र्यांना विजेचे झटके बसत, पण नाकाने एक फळी दाबली की झटका थांबे. दुसऱ्या गटालाही नेमके तेवढेच झटके बसत. फक्त त्यांनी काहीही केलं तरी फरक पडत नसे. दुसऱ्या दिवशी दोन्ही गटांना एका पेटीत ठेवलं. तिथे मधला ठेंगणा अडसर ओलांडून उडी मारली की सुटका होती. पहिल्या गटातल्या कुत्र्यांनी ती वाट शोधली. दुसऱ्यातले बरेचसे खाली बसून कण्हत राहिले. सुटका एका उडीवर होती, पण त्यांनी ती मारली नाही. यावरून 1967 मध्ये या दोघांनी मांडलं की प्राणी असहायता शिकतात: आपल्या करण्याने काही होत नाही, हे अनुभवाने अंगी बाणतं आणि मग ते करणंच सोडून देतात. पुढची कित्येक दशकं ही कल्पना पाठ्यपुस्तकांत राहिली. माणसांच्या नैराश्याबद्दलही तिच्या आधाराने खूप लिहिलं गेलं.

यापुढचा भाग लोकांना तितका माहीत नसतो. मायर पुढे मेंदूविज्ञानाकडे वळला आणि वर्षानुवर्षं उंदरांच्या मेंदूत याच गोष्टीचा माग काढत राहिला. 2016 मध्ये, पन्नास वर्षांनंतर, मायर आणि सेलिगमन यांनी मिळून लिहिलं की आपण त्या वेळी गोष्ट उलटी समजलो होतो. असहायता शिकावी लागत नाही. वेदना लांबत गेली की हातपाय गाळून बसणं ही मेंदूची मूळ प्रतिक्रियाच आहे. ती आत आधीपासून बसवलेली आहे. शिकावी लागते ती दुसरी गोष्ट: आपल्या हातून काहीतरी घडतं, ही जाणीव. मेंदूच्या पुढच्या भागाला ती जाणीव झाली की तोच ती मूळ प्रतिक्रिया दाबून धरतो. आणि ज्या प्राण्यांना आधी कधीतरी परिस्थितीवर ताबा असल्याचा अनुभव मिळालेला असतो, ते पुढे ताबा नसलेल्या प्रसंगातही लवकर गळून जात नाहीत.

उंदरांवरून माणसावर सरळ उडी मारू नये, हे मला कळतं. शिवाय मानसशास्त्रातल्या एखाद्या प्रयोगावर आयुष्याची इमारत बांधणारे लोक मला संशयास्पदच वाटतात. तरीही माणसांबरोबर काम करताना मी जे आयुष्यभर पाहिलं, त्याच्याशी हे इतकं जुळतं की ते मी सोडून देऊ शकत नाही. तू निराश झालीस, यात तुझा काही दोष नाही आणि काही कर्तबगारीही नाही. इतकी वाईट माहिती, इतक्या वेगाने, आणि तिच्यावर काहीही करण्याची सोय नाही, अशा जागी ठेवलेला कोणताही जीव खाली बसेल. ‘सकारात्मक विचार कर’ असं तुला सांगणारे या जागेबद्दल अवाक्षर काढत नाहीत. ते तुला खाली बसल्या बसल्या हसायला सांगतात.

तेव्हा आशेसाठी कारणं शोधत बसू नकोस. कारणं शोधायला गेलीस की तितकीच विरुद्ध कारणं सापडतील, आणि तुझ्यासारखी बुद्धिमान मुलगी दुसऱ्या बाजूचा खटला नेहमीच जास्त चांगला लढवेल. त्यापेक्षा अशी जागा शोध जिथे तू काही केलंस तर फरक पडतो आणि तो पडलेला तुला दिसतो.

काम लहान असलं तरी चालेल, किंबहुना सुरुवातीला लहानच हवं. वाचायला अडखळणाऱ्या एका मुलाला आठवड्यातून दोनदा वाचून दाखव आणि त्याच्याकडून वाचून घे. सरकारी अर्ज भरता न येणाऱ्या माणसांचे अर्ज भरून दे. परिसरातले पक्षी मोजणाऱ्या, झाडं लावून पुढची तीन वर्षं ती जगवणाऱ्या, माहितीचा अधिकार वापरून एकाच खात्याच्या मागे लागलेल्या गटात जा. काय निवडलंस याला फार महत्त्व नाही. परिणाम काही आठवड्यांत डोळ्यांना दिसला पाहिजे, आणि तू गेली नाहीस तर ते कोणाच्या तरी लक्षात आलं पाहिजे. या दोन कसोट्यांवर समाजमाध्यमांवरचा निषेध सपशेल नापास होतो. त्याचा उपयोगच नसतो असं नाही. पण तुझं मन उभं राहण्यासाठी तो निरुपयोगी आहे.

एकटीने करू नकोस, हे मात्र आवर्जून सांगतो. एकट्या माणसाचा उत्साह त्याच्या झोपेवर आणि पोटावर अवलंबून असतो. चार जण असले की एक खचला तरी काम ठरलेल्या बुधवारी होतंच, आणि पुढच्या बुधवारी तो खचलेला गृहस्थ परत येतो. संघटना, मंडळं, संस्था या कंटाळवाण्या गोष्टी आहेत. बैठका लांबतात, तीच माणसं तेच बोलतात, हिशेबावरून भांडणं होतात. तरीही निराशेवर मी पाहिलेला सगळ्यात टिकाऊ उपाय तोच.

आता एक इशारा. आशेचं एक दारू चढल्यासारखं रूप असतं, त्यापासून जप. गॅब्रिएले ओटिंगेन या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी पदवी घेऊन नुकत्याच बाहेर पडलेल्या तरुणांना दोन वेगवेगळ्या गोष्टी विचारल्या होत्या. तुला हवी तशी नोकरी मिळेल असं तुला वाटतं का? आणि मिळाल्यावर काय काय होईल याची सुखस्वप्नं तुला किती पडतात? दोन वर्षांनी पाहिलं, तर मिळेल असं वाटणाऱ्यांचं चांगलं चाललं होतं. पण ज्यांना सुखस्वप्नं फार पडत, त्यांनी अर्जच कमी केले होते, त्यांना नोकरीसाठी बोलावणी कमी आली होती आणि पगारही कमी होते. स्वप्नात पोहोचलेल्या माणसाला चालायची घाई राहत नाही. म्हणून ‘विश्व तुझ्या बाजूने आहे’ वगैरे सांगणारी व्याख्यानं ऐकून छाती फुगली तर फुगू दे, पण त्याच संध्याकाळी अर्ज भर. आपल्याला काय हवं आहे आणि मध्ये नेमका अडथळा कोणता, हे दोन्ही एका कागदावर लिही. बाईंचाही सल्ला साधारण असाच आहे.

तू विचारलं आहेस की तुम्ही स्वतः नेमकं काय करता. खरं सांगायचं तर मी दर वर्षाच्या सुरुवातीला एक आकडा शोधतो: मागच्या वर्षी जगात नारूचे रुग्ण किती झाले.

नारू तुझ्या पिढीला माहीत असण्याचं कारण नाही. दूषित पाण्यातल्या बारीक जलपिसवांतून हा जंत पोटात जातो, शरीरात वर्षभर वाढतो, हात-दीड हात ते कधी कधी मीटरभर लांब होतो आणि मग बहुधा पायाची कातडी फोडून बाहेर येऊ लागतो. तो ओढून काढता येत नाही, तुटतो. काडीला गुंडाळत दिवसाला थोडा थोडा करत आठवडेच्या आठवडे काढावा लागतो. आग इतकी होते की माणूस पाय पाण्यात बुडवतो, आणि नेमक्या त्याच क्षणी जंत त्या पाण्यात हजारो पिल्लं सोडतो. 1986 मध्ये 21 देशांत मिळून याचे अंदाजे 35 लाख रुग्ण होते.

या रोगावर औषध नाही. लस नाही. एकदा होऊन गेला की परत होत नाही, असंही नाही. म्हणजे विज्ञानाने एखादी गोळी काढली आणि प्रश्न मिटला, ही वाटच बंद. उरलं ते हेच: पाणी कापडातून गाळून प्यायचं, नारू बाहेर येत असलेल्या माणसाला पाणवठ्यात उतरू द्यायचं नाही, पाण्यात पिसवा मारणारं औषध टाकायचं, आणि हे घरोघरी जाऊन पुन्हा पुन्हा सांगायचं. सांगणारे बहुतेक त्याच गावातले स्वयंसेवक होते, बायका होत्या, ज्यांची नावं कोणत्याही अहवालात नाहीत. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी आणि त्यांच्या संस्थेने या कामाचा पाठपुरावा केला. 1995 मध्ये सुदानमधल्या यादवी युद्धात त्यांच्या मध्यस्थीने लढाई थांबली, ती जवळजवळ सहा महिने. कारण काय, तर आरोग्य कार्यकर्त्यांना गावांत पोहोचता यावं. एकमेकांचे जीव घेणाऱ्या दोन बाजू एका जंतासाठी थांबल्या. यादवी पुढे पुन्हा सुरू झाली, हेही सांगितलं पाहिजे.

2023 मध्ये जगभरात माणसांत नारूचे रुग्ण होते 14.

इथे टाळ्या वाजवून थांबायचा मोह होतो, म्हणूनच पुढचं सांगतो. 2024 मध्ये ते 15 होते. त्याआधी, 2012 पासून, आफ्रिकेतल्या चाड देशात कुत्र्यांमध्येही हा जंत सापडू लागला, जे कोणाच्या हिशेबातच नव्हतं. माणसांना पटवायला शिकलेल्या लोकांना आता कुत्रे बांधून ठेवायला लोकांना पटवावं लागलं. निर्मूलनाची मुदत एकदा सोडून अनेकदा पुढे ढकलली गेली. आता 2030 म्हणतात. कार्टर डिसेंबर 2024 मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी वारले तेव्हा शेवटचा नारू जायचाच होता. या कामात चाळीस वर्षं घातलेल्या माणसांना आशावादी म्हणायचं की नाही ते तू ठरव. मला ती चिवट माणसं वाटतात. मी तो आकडा शोधतो तो उभारी यावी म्हणून नाही. तो कधी वाढलेला असतो, आणि वाढलेला असला तरी काम चालूच असतं, हे मला बघायचं असतं.

हवामानाबद्दल तू सगळ्यात जास्त लिहिलंयस, आणि तिथे तुझी भीती मी कमी करू शकत नाही. भीतीचा उपयोग होतो, एवढं सांगू शकतो. तेव्हा फ्रिजमध्ये आणि स्प्रेच्या डब्यांत वापरल्या जाणाऱ्या क्लोरोफ्लुओरोकार्बन वायूंनी ओझोनचा थर विरेल, असा इशारा मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी 1974 मध्ये दिला. उद्योगांनी त्यांची टर उडवली. 1985 मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावर थर विरळ झाल्याचं दाखवलं आणि 1987 मध्ये या वायूंना आळा घालणारा मॉन्ट्रियल करार झाला. पुढे जगातल्या सगळ्या देशांनी तो मान्य केला. अंटार्क्टिकावरचा थर 2066 च्या सुमारास 1980 च्या पातळीवर येईल असा आजचा अंदाज आहे. ते वाईट भाकीत पुरतं खरं ठरलं नाही, कारण लोकांनी ते गांभीर्याने घेतलं. कार्बनचा प्रश्न याहून कितीतरी अवघड आहे, ओझोनचं उदाहरण देऊन तो सोपा ठरवणाऱ्यांवर विश्वास ठेवू नकोस. तिथे मूठभर कारखान्यांचा प्रश्न होता, इथे सगळ्या जगाच्या ऊर्जेचा आहे.

पण तू लिहितेस, ‘दीड अंशाची लढाई हरलो, आता काय?’ यात चूक आहे. तापमान ही हार-जीत ठरवणारी रेषा नाही. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या 2018 च्या अहवालानुसार दीड अंशाला जगातल्या प्रवाळांपैकी 70 ते 90 टक्के नष्ट होतील आणि दोन अंशांना 99 टक्क्यांहून जास्त. दोन्ही भयानक आहेत. पण त्या दोन आकड्यांमध्ये जे काही जगणार आहे, ते कोणाच्या तरी कामावर ठरणार आहे. अंशाच्या दहाव्या हिश्श्यालाही किंमत आहे, म्हणून ‘आता उशीर झाला’ हे वाक्य या विषयात कधीच पूर्ण खरं ठरत नाही. आणि 2010 ते 2020 या दहा वर्षांत मोठ्या प्रकल्पांतल्या सौर विजेचा खर्च जगभरात सुमारे 85 टक्क्यांनी उतरला. इतक्या वेगाने तो उतरेल असं सांगणारे त्या दशकाच्या सुरुवातीला फार थोडे होते. तज्ज्ञांची भाकितं चुकतात म्हणालो ना, ती या बाजूनेही चुकतात.

तुझ्या पत्रातलं आणखी एक वाक्य टोचलं: ‘आशा ही सुरक्षित माणसांची चैन आहे.’ अर्धं मान्य. ज्याचं घर आज कोसळलं, त्याने आशावादी असावं अशी अपेक्षा करणं निर्दयपणाचं आहे. त्याला आधी छप्पर द्यावं. पण कापडातून पाणी गाळायला शिकवत फिरणाऱ्या बायका सुरक्षित नव्हत्या. त्या रोगाच्या पाणवठ्यावरच राहत होत्या. माझ्या पाहण्यात तरी, सगळं संपलं असं म्हणून हात झटकणं बहुधा त्यांनाच परवडतं ज्यांचं फार काही पणाला लागलेलं नसतं. तुझ्याबद्दल हे म्हणत नाही. पण ज्यांच्या लेखनावर तू सध्या पोसली जातेयस, त्यांच्याबद्दल जरूर म्हणतोय.

झोप नीट घे, फोन उशापासून दूर ठेव, शरीर दमेल असं काहीतरी रोज कर. हे तुला माहीत आहे, म्हणून लांबण लावत नाही.

एखाद्या कामाला लागलीस की कळव. कामाबद्दल लिही, त्याने तुला कसं वाटतं याबद्दल पहिले तीन महिने लिहू नकोस. स्वतःची नाडी दर मिनिटाला बघणाऱ्याला ती कधीच बरोबर लागत नाही.

तुझा,
जुना मास्तर

ता. क. तुझ्या त्या मित्राबद्दल विचारलंयस, जो आठवडे झाले खोलीबाहेर पडत नाही, जेवत नाही, आणि ‘मी नसलो तरी काय फरक पडणार’ म्हणतो. हे पत्र त्याला दाखवू नकोस. वर लिहिलेलं सगळं चालता-फिरता येणाऱ्या निराशेबद्दल आहे. त्याचं जे चाललंय तो आजार असू शकतो आणि आजारावर उपचार असतात. ‘तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का’ असं त्याला सरळ विचार. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत खोटी आहे. उलट बोलायला वाट मिळते. ‘हो’ म्हणाला तर त्याला एकटं सोडू नकोस, त्याच्या घरच्यांना लगेच बोलावून घे आणि त्याच दिवशी त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा. ‘नाही’ म्हणाला तरी मानसोपचारतज्ज्ञांची वेळ तूच घे, कारण त्याच्याने ते होणार नाही, आणि त्याच्याबरोबर जा. पहिल्या खेपेला तो येणार नाही कदाचित. दुसरी वेळ घे.